‘आता तो खेळ राहिला नाही’

नमस्कार श्रोतेहो.

फुटबॉल पाहणारी चार माणसं एकत्र बसली की थोड्याच वेळात एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘आता तो खेळ राहिला नाही.’ म्हणणारा बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. त्यावर विशीतला कुणीतरी उसळून सांगतो, की तुमचे ते जुने दिग्गज आजच्या सामन्यात वीस मिनिटंही टिकले नसते. मग पेले, मेस्सी, मॅराडोना, क्रायफ अशी नावं एकमेकांवर फेकली जातात आणि मूळ मुद्दा कुठल्या कुठे जातो.

या वादात दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. माझं मत सरळ सांगतो. मैदानातला खेळ आज पूर्वीपेक्षा चांगला आहे. बिघडलं आहे ते मैदानाबाहेरचं, आणि त्याचं खापर आपण उगाच खेळावर फोडतो.

जुना फुटबॉल आपण पाहतो कसा, ते आधी बघा. १९७० च्या विश्वचषकाची अंतिम लढत म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो कार्लोस आल्बर्टोचा गोल. क्लोदोआल्दो आपल्याच अर्ध्यात इटलीच्या चौघांना चकवतो, चेंडू डावीकडून फिरत फिरत पेलेकडे येतो, पेले जराही घाई न करता तो उजवीकडे सरकवतो आणि मागून धावत आलेला कार्लोस आल्बर्टो तो जाळ्यात धाडतो. ब्राझील ४, इटली १. इतका देखणा सांघिक गोल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्वचितच झाला असेल. पण तोच सामना कधीतरी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बसून पाहा. मेक्सिको सिटीची उंची, भर दुपारी बाराला सुरू झालेला खेळ, दमलेले पाय. खेळाडू चेंडू घेऊन वीस-वीस मीटर निवांत चालत जातो आणि समोरचा त्याच्या अंगावरही येत नाही. ती मोकळी जागा आणि तो निवांतपणा आज कुठल्याही मधल्या फळीतल्या खेळाडूला मिळत नाही. पेलेचं मोठेपण यानं कमी होत नाही. पण नव्वद मिनिटांतले आपण जपून ठेवलेले ते तीस सेकंद आणि काल रात्री जांभया देत पाहिलेला अख्खा सामना, ही तुलना न्यायाची नाही.

आता आडदांडपणाकडे वळतो, कारण ‘पूर्वी पुरुषांसारखं खेळायचे’ हा दुसरा आवडता दाखला. पिवळं आणि लाल कार्ड विश्वचषकात आलं १९७० साली. त्याआधी रेफरी तोंडी ताकीद द्यायचा, आणि दोन देशांच्या खेळाडूंना त्याची भाषा कळली नाही तर ती ताकीद हवेतच विरायची. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये पेलेला आधी बल्गेरियाच्या आणि मग पोर्तुगालच्या बचावपटूंनी इतकं तुडवलं, की तो अक्षरशः लंगडत होता. बदली खेळाडू घ्यायची सोयच तेव्हा विश्वचषकात नव्हती. तीही १९७० सालचीच. म्हणजे समोरच्याचा सर्वांत चांगला खेळाडू जायबंदी करणं हा फायद्याचा सौदा होता.

कार्ड आल्यावरही फार फरक पडला नाही. १९८२ च्या विश्वचषकात इटलीच्या क्लाउडिओ जेंटिलेकडे मॅराडोनाला रोखण्याचं काम होतं. त्या एका सामन्यात मॅराडोनावर २३ फाउल झाले, आणि जेंटिले शेवटपर्यंत मैदानात होता. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक शूमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर असा आदळला, की बातिस्तों बेशुद्ध पडला आणि त्याचे दात गेले. रेफरीनं काय दिलं? गोल किक. फाउलसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या गोइकोएचेआनं मागून येऊन मॅराडोनाचा घोटा मोडला. आज यातलं काहीही झालं असतं तर लाल कार्ड वादातीत होतं.

जुन्या काळाच्या चाहत्यांना इथे एक भक्कम मुद्दा मिळतो, पण गंमत म्हणजे ते तो वापरतच नाहीत. लाथा खात खात, चिखलात, भिजून जड झालेल्या कातडी चेंडूनं मॅराडोनाच्या आधीच्या पिढ्यांनी जे करून दाखवलं, ते आजच्या गालिच्यासारख्या मैदानावर करून दाखवणाऱ्यापेक्षा कमी कसं? तेव्हाचे खेळाडू आज टिकले नसते म्हणणाऱ्यानं आजच्या एखाद्या नाजूक विंगरला, म्हणजे कडेनं खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला, १९८२ च्या जेंटिलेसमोर उभं करून पाहावं. मनातल्या मनात का होईना. खेळाडूंची तुलना म्हणूनच मी सोडून देतो. खेळाची तुलना मात्र करता येते, आणि त्यासाठी एक वर्ष महत्त्वाचं आहे. १९९२.

त्याआधी दोन वर्षं, म्हणजे १९९० ला, इटलीत विश्वचषक झाला. ५२ सामने, ११५ गोल. सामन्यामागे जेमतेम सव्वादोन. अंतिम सामना तर विसरून जावा असाच: अर्जेंटिनाचे दोघे बाहेर काढले गेले आणि पश्चिम जर्मनी शेवटी शेवटी मिळालेल्या एका पेनल्टीवर जिंकली. त्या स्पर्धेत एक चित्र सारखं दिसायचं. आघाडी मिळालेला संघ चेंडू आपल्या गोलरक्षकाकडे मागे द्यायचा. तो हातात उचलायचा, उभा राहायचा, दोन पावलं चालायचा, मग जवळच्या बचावपटूकडे घरंगळत सोडायचा. समोरचा धावत आला की बचावपटू पुन्हा मागे. पुन्हा हातात. असं कितीही वेळ. प्रतिस्पर्ध्याला काही करताच यायचं नाही, कारण गोलरक्षकाच्या हातातला चेंडू हिसकावता येत नाही.

१९९२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कनं युरोपियन स्पर्धा जिंकली. तेही अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध आघाडी घेतल्यावर चेंडू मनसोक्त आपला गोलरक्षक पीटर श्मायकेलच्या हातात देत राहिले. ही युक्ती तिथे शेवटचीच चालली. लगेच नवा नियम लागू झाला: सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम दिलेला पास गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही.

वाचायला एक ओळीचा नियम. पण त्यानं काय काय हललं बघा. चेंडू मागे देणं धोक्याचं झालं, म्हणून समोरचे धावत येऊन दबाव टाकू लागले, कारण आता धावण्याचं फळ मिळण्याची शक्यता होती. दबाव आला म्हणून बचावपटूला पायात चेंडू खेळवता येणं भाग पडलं. बचावपटू खेळू लागला तसा गोलरक्षकही अकरावा मैदानी खेळाडू झाला. सुरुवातीला कित्येक गोलरक्षकांची तारांबळ उडाली. हातांनी पोट भरणाऱ्या माणसांना अचानक पाय वापरायला सांगितले होते. आज मॅन्युएल नॉयर किंवा एडरसन चाळीस मीटरचा अचूक पास देतो तेव्हा आपण ‘मॉडर्न गोलकीपर’ म्हणतो. त्याची मुळं त्या ओळीत आहेत. (पूर्ण श्रेय मात्र नियमाला देऊ नका. १९५० च्या दशकात हंगेरीचा ग्रोसिच पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन चेंडू खेळायचा. तेव्हा तो अपवाद होता.)

१९९४ ला अमेरिकेत पुन्हा तेवढेच ५२ सामने झाले आणि गोल झाले १४१. मागून येऊन पाय काढणाऱ्यांवर रेफरींनी कडक व्हावं असंही तेव्हा ठरलं होतं, विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले होते, आणि बचावपटूच्या रेषेत असणारा आघाडीचा खेळाडू आता ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर पुढे गेलेला, धरला जात नव्हता. सगळं एकाच दिशेनं, खेळू पाहणाऱ्याच्या बाजूनं. त्यामुळे कुणी मला म्हणालं की आज अंगाला हात लागला तरी शिट्टी वाजते, तर मी म्हणतो, वाजू दे.

तरीही काही गेलंच आहे. गारिंचा किंवा स्टॅनली मॅथ्यूजसारखा विंगर, जो उजव्या पायाचा, उजव्या बाजूला, बचावपटूला हुलकावणी देत रेषेपर्यंत जाणार आणि तिथून चेंडू मध्ये टाकणार, तो आता विरळा. आज डाव्या पायाचा उजवीकडे ठेवतात, म्हणजे तो आत वळून स्वतःच गोलवर मारतो. रॉबेननं तेच केलं, सलाह तेच करतो. परिणामकारक आहे, पण पुढे काय होणार हे स्टेडियममधल्या सगळ्यांना ठाऊक असतं. लांबून मारलेले फटके कमी झाले, कारण कुठून मारल्यावर गोल होण्याची शक्यता किती, याचं गणित आता प्रत्येक मोठ्या क्लबकडे आहे. आणि दहा नंबरचा तो आळशी जादूगार, जो बचावासाठी मागे पळायचा नाही पण एका पासनं सामना फिरवायचा, त्याला आज प्रशिक्षक बाकावर बसवतो. शेवटचा म्हणावा तर अर्जेंटिनाचा रिकेल्मे. त्याची उणीव मलाही भासते.

आता पैशाकडे. खरं दुखणं इथे आहे.

१९६७ ला ग्लासगोच्या सेल्टिकनं लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकला. त्या संघातले सगळे खेळाडू क्लबच्या मैदानापासून सुमारे ५० किलोमीटरच्या आत जन्मलेले होते. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला, १९७८ ला इंग्लंडचा विजेता झाला, १९७९ आणि १९८० ला युरोपचा. १९८६ ला बुखारेस्टचा स्टेआउआ, १९९१ ला बेलग्रेडचा रेड स्टार. ही नावं आज विजेत्यांच्या यादीत येणं जवळपास अशक्य आहे.

१५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपियन न्यायालयानं बेल्जियमचा खेळाडू बोस्मन याच्या खटल्याचा निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जायला जुना क्लब पैसे मागू शकत नाही, आणि या देशांच्या खेळाडूंवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादा घालता येत नाही. त्याच वर्षी हॉलंडच्या आयाक्सनं अठरा वर्षांच्या क्लायव्हर्टच्या गोलवर एसी मिलानला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली होती. बहुतेक मुलं क्लबच्याच शाळेत वाढलेली. काही वर्षांत तो संघ विस्कटला. डाव्हिड्स, रायझिगर आणि खुद्द क्लायव्हर्ट हे हरलेल्या त्याच मिलानकडे गेले. २६ डिसेंबर १९९९ ला चेल्सीनं इंग्लिश लीगमध्ये सुरुवातीच्या अकरा जणांत एकही ब्रिटिश खेळाडू न घेता सामना खेळला. २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले गेले.

‘तो खेळ राहिला नाही’ म्हणणाऱ्याला बहुधा हेच म्हणायचं असतं. आपल्या गल्लीतला मुलगा आपल्या संघात राहत नाही. दरवर्षी तीच सहा-सात नावं. २०१६ ला लेस्टरसारखा लहान क्लब इंग्लंडचा विजेता झाला तेव्हा जग वेडं झालं, कारण अशा गोष्टीची सवयच मोडली होती.

पण बोस्मनला खलनायक करायला मी तयार नाही. करार संपला तरी क्लब माणसाला अडवून ठेवत होता, हा काय न्याय होता? इंग्लंडमध्ये तर १९६१ पर्यंत खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, शेवटी आठवड्याला २० पौंड. स्टेडियम माणसांनी ओसंडून वाहत असताना. खेळाडू क्लबशी निष्ठावान होते म्हणतो आपण. दार बाहेरून बंद होतं, हेही म्हणायला हवं. चूक खेळाडूला मोकळं करण्यात झाली नाही, मोठ्या क्लबांकडे आलेला टीव्हीचा पैसा लहानांपर्यंत न पोचवण्यात झाली.

आणि जुन्या काळाची आठवण काढताना स्टेडियमकडेही पाहावं लागतं. उभं राहून गाणारी ती गर्दी, तो आवाज, तसा आज येत नाही, मान्य. पण १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये ३९ माणसं मेली. १९८९ च्या इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेत ९७. बसायच्या खुर्च्या आल्या त्या यानंतर. बायकांचं तर विचारूच नका. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लिश फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी केली. ती उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या महिला संघाचा सामना पाहायला ९१ हजारांवर प्रेक्षक होते. सुवर्णकाळ कुणाचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

राहता राहिला व्हीएआर, म्हणजे पडद्यावर पुन्हा पाहून रेफरीचा निर्णय तपासण्याची सोय. यावर मात्र मी जुन्यांच्या बाजूला थोडा झुकतो. गोल झाल्यावर ओरडायचं की थांबायचं हे न कळणं, ही खरी हानी आहे. पण मग २२ जून १९८६ चा अझ्टेका स्टेडियममधला सामना घ्या. अर्जेंटिना आणि इंग्लंड. ५१ व्या मिनिटाला मॅराडोनाचा हातानं मारलेला गोल. आज पडद्यावर पाहून तो रद्द झाला असता. चार मिनिटांनी तोच मॅराडोना अर्ध्या मैदानातून इंग्लंडच्या बचावाला कापत गेला आणि दुसरा गोल केला. पण तो हल्ला सुरू होण्याआधी इंग्लंडच्या हॉडलवर फाउल झाला होता, असं म्हणणारे इंग्लंडवाले आजही आहेत. म्हणजे व्हीएआरच्या खोलीत बसलेल्यांनी हेडफोन सावरत तो गोलही मागे नेऊन, संथ गतीनं, दोन-तीनदा पाहिला असता. मॅराडोना मैदानात कमरेवर हात ठेवून वाट बघत उभा. मला विचाराल तर पहिला गोल रद्द करावा आणि दुसऱ्याच्या वेळी त्या खोलीतली वीज जावी.