मांडीवरचा प्रवास

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि शेजारच्या छिंदवाड्याहूनही दिव्यांग मुलांना घेऊन पालक उपचारांसाठी नागपूरला येतात. कुणाला मेडिकल रुग्णालय गाठायचे असते, कुणाला मेयो रुग्णालय, तर कुणाला मिहानमधील एम्स. तपासणीची फाईल पिशवीत नीट गुंडाळलेली असते. मूल मात्र अनेकदा आईच्या मांडीवर, पट्ट्याविना बसलेले असते.

जोराचा ब्रेक लागला की गाडी थांबते, पण बाळाचे शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि आईने कितीही घट्ट धरले तरी त्याला थोपवता येत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसल्यास १,००० रुपये दंड आहे. तान्ह्या बाळाचे आसन मागच्या सीटवर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस येईल असे बसवावे; एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या सीटवर ते कधीही ठेवू नये.

ज्या मुलाने मान धरलेली नाही, त्याची काळजी याहून बारकाईने घ्यावी लागते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने शरीराच्या हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकली, तर श्वासाची वाट अरुंद होते आणि बाळ शांत झोपल्यासारखेच दिसते. त्यामुळे मागच्या सीटवर बाळाशेजारी मोठे माणूस असावे, आणि आसनाचा कल किती ठेवायचा हे फिजिओथेरपिस्टला मूल प्रत्यक्ष दाखवूनच ठरवावे. पट्ट्याखाली उशी किंवा जाड दुपटे घालू नये, कारण त्याने पट्टा सैल राहतो. अशा मुलाला दुचाकीवरून नेऊ नये, असे आम्हाला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शरीरातील पाणी कमी झाले की या मुलांना असह्य वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून प्रवास पहाटे करावा, आणि मूल मागो वा न मागो, पाणी थोडे थोडे पाजत राहावे.

मिरगी असलेल्या मुलाचे औषध डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावे. वाटेत झटका आलाच, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, वेळ पाहावी आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.