दार उघडण्याआधीचा तास

(दृश्य: अंधारं दुकान. मशीनचा एकच लाल दिवा.)

कॉफीचं दुकान उघडायला अजून तासभर आहे, पण एस्प्रेसोचं, म्हणजे दाबानं दाट कॉफी काढायचं, मशीन चालू झालंय. बॉयलरमधलं पाणी लवकर तापतं. पाणी सोडणारं तोंड, म्हणजे पितळी ग्रुप हेड, आणि त्यात अडकवलेला पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरायचा दांड्याचा कप, आतपर्यंत गरम व्हायला मात्र अर्धा तास तरी लागतो. घाई करून थंड पोर्टाफिल्टरमधून शॉट, म्हणजे एस्प्रेसोचा एक छोटा कप, काढला की तो आंबट लागतो.

(दृश्य: ग्राइंडरवरच्या भांड्यात, हॉपरमध्ये, ओतल्या जाणाऱ्या कॉफीच्या बिया. मग पाकिटावरची तारीख.)

ही भाजल्याची तारीख. ताज्या भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, त्यामुळे शॉट फसफसतो आणि पाणी सारखं मुरत नाही. म्हणून एस्प्रेसोसाठी बिया आठवडा-दोन आठवडे मुरवतात. पाकिटावर नुसती ‘वापरण्याची मुदत’ छापली असेल, तर बिया कधी भाजल्या ते कळायला मार्ग नाही.

(दृश्य: ग्राइंडर, अगदी जवळून.)

येणाऱ्याची नजर जाते चकचकीत मशीनवर. कारभार सगळा शेजारच्या ग्राइंडरचा. आत पोलादाच्या दोन दातेरी चकत्या असतात आणि त्यांच्यातलं अंतर केसभर सरकलं तरी चव बदलते. काल संध्याकाळी जमलेलं दळण आज सकाळी बिनसतं, कारण हवेतला दमटपणा बदलतो आणि बियाही एका दिवसानं जुन्या होतात. म्हणून ही जुळवणी रोजची.

(दृश्य: काटा. आकडा १८.० वर थांबतो.)

१८ ग्रॅम पूड. बारीक सुयांनी गुठळ्या मोडायच्या, पूड पोर्टाफिल्टरमधल्या जाळीच्या वाटीत, बास्केटमध्ये, सारखी पसरायची आणि टँपरनं, म्हणजे सपाट दट्ट्यानं, दाबायची. किती जोरात दाबायचं यावर बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारी, मंडळी तासन् तास वाद घालतील, पण महत्त्व आहे सरळ दाबण्याला. टँपर तिरका बसला की ९ बार, म्हणजे हवेच्या साधारण नऊपट, दाबाचं पाणी पातळ बाजूनं वाट काढतं. तिथली पूड जास्त उतरते, बाकीची अर्धीकच्ची राहते. एकाच घोटात आंबट आणि कडू.

(दृश्य: बिनतळाचा पोर्टाफिल्टर, संथ गतीत. एक बारीक चिळकांडी बाजूला उडते.)

ही ती वाट.

(दृश्य: टायमर.)

२५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम कॉफी उतरायला हवी. पहिला शॉट १७ सेकंदांतच भरला. रंग फिकट, चव आंबट. दळण बारीक केलं. आता नवशिके नेमकं विसरतात ती गोष्ट: ग्राइंडरच्या घशात जुन्या दळणाची पूड अडकलेली असते. चार-पाच ग्रॅम दळून टाकून दिल्याशिवाय नव्या मापाची चव कपात येतच नाही. दुसरा शॉट ४१ सेकंद. थेंब थेंब आणि कडू. पुन्हा किंचित जाड. पूड मात्र १८ ग्रॅमच, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर बिघाड कशानं झाला ते सापडत नाही. तिसरा शॉट, २८ सेकंद.

आधीचे दोन्ही सिंकमध्ये गेले. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाहीत, बिलातही येत नाहीत.

(दृश्य: स्टीम वाँड, स्टीलचा जग.)

दूध थंडच हवं. पहिली काही सेकंदं वाँडचं, म्हणजे वाफेच्या नळीचं, टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकलेलं. कागद फाटल्यासारखा आवाज येतो, म्हणजे हवा शिरतेय. मग टोक थोडं खाली आणि दुधाला भोवरा. ६० ते ६५ अंशांवर थांबायचं. ७० च्या पुढे गोडवा जातो, उकळल्याचा वास येतो आणि ते दूध पुन्हा थंड करून चालत नाही. वाँड लगेच ओल्या फडक्यानं पुसून वाफ सोडायची, नाहीतर दूध नळीत वाळतं.

(दृश्य: दार उघडतं. खिडकीतली उन्हाची तिरीप, कोपऱ्यातली खुर्ची, पहिला कप. वीस सेकंद निवेदन नाही. कपबशीचा आवाज राहू द्या.)

(दृश्य: गल्ला, बंद वही.)

२०२५ च्या फेब्रुवारीत जागतिक बाजारात अरेबिका या कॉफीच्या जातीच्या भावानं उच्चांक गाठला. भाडं, वीज, दूध वेगळंच. अशी काही दुकानं टिकतात, काही बंद होतात.

(दृश्य: रात्र. रिकाम्या खुर्च्या.)

शेवटचं काम. बिनछिद्रांची बास्केट, त्यात अर्धा चमचा साफसफाईची पावडर. पंप दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा. कॉफीचं तेल आत राहिलं तर खवट होतं आणि उद्याच्या कपात उतरतं.

(दृश्य: ट्रेमध्ये पडणारा तपकिरी फेस.)

मग पावडरीशिवाय तेच पुन्हा, पाणी नितळ येईपर्यंत. पोर्टाफिल्टर रात्री सैलच अडकवून ठेवायचा. घट्ट आवळलेला राहिला तर रबरी गॅस्केट लवकर दबतं आणि मग ऐन गर्दीत ग्रुप हेडच्या कडेनं पाणी गळायला लागतं.