फाटक्या विजारीतले दानशूर: एका कादंबरीच्या चार प्रती

(दृश्य: लाकडी कपाटाचा एक कप्पा. तीन पुस्तकं डावीकडे रेललेली. उजवीकडे बोटभर रुंदीची मोकळी जागा.)

निवेदन:
ही मोकळी जागा मुद्दाम ठेवली आहे. इथे एक पुस्तक यायचं आहे, आणि ते बहुधा कधीच येणार नाही. लंडन, १९१४, प्रकाशक ग्रँट रिचर्ड्स. त्या आवृत्तीची बरी प्रत विकायला निघाली की जो भाव सांगतात, तो ऐकून मी फोन ठेवून देतो.

बाकीच्या तीन प्रती त्याच कादंबरीच्या आहेत. नाव 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलॅन्थ्रॉपिस्ट्स'. मराठीत सांगायचं तर फाटक्या विजारीतले दानशूर. दानशूर म्हणजे रंगारी, सुतार, प्लास्टर करणारे गवंडी. घाम गाळून निम्मी कमाई ते मालकाच्या पदरात टाकतात, आणि वर 'मालक आहे म्हणून आपण जगतो' असं म्हणतात. असं दान कर्णानंही केलं नसेल.

(दृश्य: इंग्लंडचा दक्षिण किनारा. हेस्टिंग्ज. पांढरी घरं, मागे टेकडी.)

लिहिणारा स्वतः रंगारी होता. रॉबर्ट नूनन. जन्म १८७०, डब्लिनचा. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत गेला, लग्न केलं, संसार मोडला, आणि लहान मुलीला घेऊन हेस्टिंग्जला आला. घरं रंगवायची, पाट्या लिहायच्या, देवळाच्या भिंतीवर वेलबुट्टी काढायची. हात चांगला होता. सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये त्यानं रंगवलेल्या भिंतीचा एक तुकडा हेस्टिंग्जच्या संग्रहालयात आजही आहे. चर्च १९७० मध्ये पाडलं, तेव्हा तेवढाच वाचवता आला.

दिवसभर ब्रश आणि रात्री लेखणी. कादंबरीवर त्यानं खरं नाव घातलं नाही. मालकांनी काळ्या यादीत टाकलं तर दुसऱ्या दिवशी चूल पेटायची नाही. म्हणून टोपणनाव घेतलं, तेही धंद्यातलंच. रंगारी ज्या घोडीवर फळी टाकतो, तिला इंग्रजीत ट्रेसल म्हणतात. त्यावरून रॉबर्ट ट्रेसेल.

(दृश्य: हाताने लिहिलेलं पान. बारीक, सरळ, पाट्या लिहिणाऱ्याचं अक्षर.)

सोळाशेच्या आसपास पानं. अडीच लाखांच्या घरात शब्द. सगळं हाती लिहिलेलं. तीन प्रकाशकांकडून बाड परत आलं. त्यानं ते जाळायला काढलं होतं, मुलीनं वाचवलं. कॅथलीन तिचं नाव. पत्र्याच्या पेटीत घालून तिनं ते पलंगाखाली ठेवलं.

नूननला कॅनडाला जायचं होतं. लिव्हरपूलपर्यंत पोचला. ३ फेब्रुवारी १९११ रोजी तिथल्या इस्पितळात क्षयानं गेला. वय ४०. बेवारशी, गोरगरिबांच्या खड्ड्यात बारा अनोळखी लोकांबरोबर त्याला पुरलं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिणाऱ्या या माणसाची कबर नेमकी कुठे आहे, हे १९७० पर्यंत कुणाला सांगता येत नव्हतं.

(दृश्य: मोकळ्या जागेवर कॅमेरा परत येतो.)

आता या जागेकडे वळू.

बाप गेला तेव्हा कॅथलीन १८ वर्षांची होती. पुढे ती लंडनमध्ये एका घरी मुलं सांभाळत होती. त्या ओळखीतून तिची पेटी जेसी पोप नावाच्या लेखिकेच्या नजरेस पडली. पोपबाईंनी ग्रँट रिचर्ड्सला सांगितलं. त्यानं सगळे हक्क २५ पौंडांना घेतले. एकदाच २५ पौंड, पुढे काही नाही. ज्या पुस्तकात मालक मजुराचं श्रम कसं स्वस्तात पदरात पाडून घेतो ते शिकवलं आहे, त्याच पुस्तकाचा सौदा हा असा झाला.

मग पोपबाईंनी कात्री हाती घेतली. जवळजवळ लाखभर शब्द उडाले. राजकारण गेलं, लांब भाषणं गेली, प्रकरणांची मोडतोड झाली. २३ एप्रिल १९१४ रोजी पुस्तक आलं आणि मुखपृष्ठावर लेखकाचं नावही चुकलं. ट्रेसेलच्या (Tressell) स्पेलिंगमधल्या दुसऱ्या 'ई'च्या जागी 'ए' पडला आणि तो ट्रेसॉल (Tressall) झाला. पाट्या रंगवणाऱ्याच्या नावात अक्षराची चूक! त्यानं एखाद्या दुकानाच्या पाटीवर अशी चूक केली असती तर दिवसाची मजुरी कापली गेली असती.

या बाईंबद्दल आणखी एक. त्याच साली महायुद्ध सुरू झालं आणि 'पोरांनो, चला, भरती व्हा' अशा थाटाच्या कविता लिहून त्या गाजल्या. इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेननं खंदकातल्या विषारी वायूवरची त्याची प्रसिद्ध कविता लिहिली, तेव्हा कच्च्या खर्ड्यावर उपरोधानं यांचंच नाव घातलं होतं. नूननच्या कादंबरीतल्या नायकाचं नावही ओवेन, फ्रँक ओवेन. हा निव्वळ योगायोग. पण बाईंना दोन ओवेन महागात पडले, असं मला उगाच वाटत राहतं.

तर संग्राहक जिच्यासाठी जीव टाकतात ती पहिली आवृत्ती अशी. लेखकाचं नाव चुकीचं, मजकूर कापलेला, आणि किंमत सहा शिलिंग.

(दृश्य: जुनी ब्रिटिश नाणी, मोजणारा हात.)

सहा शिलिंग म्हणजे ७२ पेन्स. कादंबरीतल्या कसबी रंगाऱ्याला तासाला सात पेन्स मिळतात, आणि मुकादम तेही कमी करायला टपलेला असतो. हिशेब करा. स्वतःची गोष्ट विकत घ्यायला रंगाऱ्याला दहा तासांहून जास्त भिंत घासावी लागली असती. म्हणूनच १९१४ च्या प्रती स्वच्छ सापडतात असं माझं मत आहे. त्या ज्यांच्या घरी गेल्या, त्यांचे हात स्वच्छ होते.

(दृश्य: पहिलं पुस्तक बाहेर येतं. जाडसर पुठ्ठा, कडा झिजलेल्या, पानांवर तांबूस ठिपके.)

ही १९१८ ची. स्वस्त आवृत्ती. कामगाराला परवडावी म्हणून काढली आणि त्यासाठी मजकूर आणखी छाटला. मूळच्या निम्म्याहून कमी उरला. शेवट तर उलटाच झाला. नूननचं शेवटचं पान उजेडाचं आहे, ढग फाटून सूर्य वर येतो. या प्रतीत पुस्तक संपतं ते ओवेनच्या मनात आत्महत्येचे विचार घोळत असताना. म्हणजे काम करणाऱ्यांच्या हातात जी प्रत पडली तिनं त्यांना सांगितलं, बाबांनो, सुटका नाही.

आणि तरीही हे पुस्तक टिकलं. याचं मला अजून आश्चर्य वाटतं. बांधकामांवर, कारखान्यांत, युनियनच्या खोल्यांत ते हातोहात फिरलं. नवा पोऱ्या कामावर आला की कुणीतरी जुना त्याच्या हातात ते द्यायचा, 'वाच आणि पुढे दे.' का टिकलं, ते एका प्रकरणावरून कळतं. जेवणाच्या सुट्टीत ओवेन पावाचे तुकडे मांडतो. म्हणतो, हा कच्चा माल. मित्रांच्या खिशातले चाकू घेतो, ही यंत्रं. दोन्ही माझे, कारण मी मालक. तुम्ही पाव कापून द्या, मी मजुरी देतो. आता जगायला तुम्हाला तोच पाव माझ्याकडून विकत घ्यावा लागेल. थोड्याच फेऱ्यांत उरलेले सगळे तुकडे मालकाकडे, सगळे पैसे मालकाकडे, आणि मजुरांचे हात रिकामे. त्यावर मालक म्हणतो, सध्या मालाला उठाव नाही, कारखाना बंद. एवढं सगळं डब्यातल्या पावावर. पोपबाईंच्या कात्रीला असल्या जागा बोथट करता आल्या नाहीत.

(दृश्य: दुसरं पुस्तक. केशरी-पांढरं पेंग्विन. कागद पिवळा, पाठ चिकटपट्टीने जोडलेली.)

१९४० चं पेंग्विन. मजकूर कापलेलाच, नाव चुकलेलंच, पण खिशात मावणारं. बाहेर दुसरं महायुद्ध चालू होतं. सैन्यातली मुलं बराकीत हे वाचत. १९४५ मध्ये लेबर पक्ष निवडणूक जिंकला, त्यात या पुस्तकाचा हात होता असं इंग्लंडमध्ये अजून म्हणतात. किती खरं ते मोजायचं कसं?

माझ्या प्रतीला व्यापाऱ्याच्या यादीत सगळ्यात खालचा दर्जा होता. मी तिला सगळ्यात वर ठेवतो. आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं पाच आडनावं आहेत, एकाखाली एक. पहिली चार खोडलेली. म्हणजे वाचून झालं, पुढे दिलं. एका समासात कुणीतरी बेरीज केली आहे, शिलिंग आणि पेन्समध्ये. पुस्तकातला घरखर्चाचा हिशेब बरोबर आहे का ते त्यानं ताडून पाहिलं आहे. बरोबर आहे. खाली खूण केली आहे. संग्राहकाच्या भाषेत हे सगळे डाग. प्रत खराब. पुस्तकावर लिहिलेलं नसावं, वेष्टन फाटलेलं नसावं, शिवण घट्ट असावी. असल्या कसोट्या श्रीमंतांच्या पुस्तकांना ठीक आहेत. कामगारांच्या कादंबरीची न वाचलेली, कोरी प्रत पाहिली की मला आधी वाईट वाटतं.

आपल्याकडेही हाच घोळ आहे, जरा वेगळ्या वाटेनं. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' १९३३ ची, गिरणी कामगारांवरची. जुन्या ग्रंथालयात अशी प्रथमावृत्ती सापडते ती बहुतेक वेळा मुखपृष्ठ काढून, रेक्झिन चढवून, कडा कापून. सोळा शिक्के आणि मागे तारखांची चिठ्ठी. संग्राहक नाक मुरडतो. पण त्या चिठ्ठीवरच्या तारखा वाचायला कुणी थांबत नाही, हे दुर्दैव.

(दृश्य: तिसरं पुस्तक. जाड, साधं, धडधाकट.)

आता खरी गोष्ट. १९४६. हेस्टिंग्जमधलाच एक कामगार, फ्रेड बॉल. या पुस्तकानं झपाटलेला. मूळ बाड कुठे आहे याचा त्यानं माग काढला आणि दोस्तांसोबत पैसे गोळा करून ते विकत घेतलं. हाती आलं तेव्हा पानं कापलेली, चिकटवलेली, क्रम बदललेला, मजकुरावर काट मारलेली. बॉलनं आणि त्याच्या बायकोनं स्वयंपाकघराच्या टेबलावर तुकडे जुळवावेत तसं ते जुळवलं. नऊ वर्षं गेली. १९५५ मध्ये लॉरेन्स अँड विशार्टनं संपूर्ण कादंबरी छापली. लेखक जाऊन ४४ वर्षं झाली होती. नावही तेव्हा दुरुस्त झालं, ट्रेसेल.

हे प्रकाशक आपल्याला अगदीच परके नाहीत. मुल्कराज आनंदांची 'कुली' त्यांनीच १९३६ मध्ये काढली होती. तिच्यातला मुन्नू मुंबईच्या कापड गिरणीत राबतो आणि संपाच्या गर्दीत सापडतो. इंग्लंडचा रंगारी आणि गिरणगावातला पोरगा एकाच छापाच्या पुस्तकांत शेजारी बसले आहेत.

आणि कॅथलीन? ती केव्हाच वारली असं बॉल धरून चालला होता. ६० च्या दशकाच्या अखेरीस कळलं, ती हयात आहे, इंग्लंडमध्येच आहे. दोघांची भेट झाली. जे बाड तिनं पेटीत जपलं, ते पूर्ण छापलेलं तिला पाहता आलं. मूळ बाड आज लंडनमध्ये ट्रेड्स युनियन काँग्रेस या ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघाच्या ग्रंथालयात आहे.

आता भाव ऐका. पहिली म्हणून जिला मान, ती १९१४ ची कापलेली आवृत्ती मला परवडत नाही. लेखकानं लिहिलेलं पुस्तक जिच्यात पहिल्यांदा पूर्ण छापलं गेलं, ती १९५५ ची प्रत मी दोन वेळच्या जेवणाच्या पैशांत घेतली. बाजाराला छापल्याची तारीख मोजता येते. काय छापलं ते पाहायला पुस्तक वाचावं लागतं, आणि महागडी पुस्तकं वाचली जात नाहीत.

मग मोकळी जागा का ठेवली, असं बायको विचारते. खरं सांगायचं तर हाव सुटत नाही. ते चुकलेलं नाव एकदा स्वतःच्या हातात धरून पाहायचं आहे.

(दृश्य: जुन्या पुस्तकांचं दुकान. ढिगात एक हात चाळतो.)

कुठे परदेशात, एखाद्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात हे नाव दिसलं तर मुखपृष्ठाच्या मोहात पडू नका. उभ्या उभ्या दोनच गोष्टी पाहा. लेखकाच्या नावात 'ई' आहे की 'ए'. आणि शेवटचं पान, तिथे सूर्य उगवतो का.

(दृश्य: हात पुस्तक उलटं करतो, मागून उघडतो. काळोख.)