एका पिशवीतले दोन गुण : मक्याचे बियाणे, अळी आणि तणनाशक

(नाशिक येथे शेतकरी व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

नाशिक म्हटले की द्राक्ष आणि कांदा यांच्यापुढे बोलणे सहसा जात नाही. परंतु पाऊस पडल्यावर येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव किंवा सिन्नर या बाजूंनी एक चक्कर मारली, तर मैलोन्‌मैल दिसतो तो मका. पूर्वी जिथे बाजरी होती तिथे आज तो उभा आहे, आणि तो निघाला की त्याच रानात कांद्याची लागवड होते. हा मका आपल्या ताटात फारसा येत नाही. तो कोंबड्यांच्या खाद्यात जातो, स्टार्चच्या कारखान्यात जातो आणि अलीकडे इथेनॉलसाठीही जातो. त्यामुळे शहरात त्याची चर्चा होत नाही, आणि त्याच्या बियाण्यात जगभर गेल्या तीस वर्षांत काय घडले याची चर्चा तर त्याहून कमी होते.

आपल्याकडे ही चर्चा दाराशी आणली ती एका अळीने. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात येऊन पोहोचली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार ठिपके, ही तिची ओळख आता शाळकरी मुलेही सांगतात. हिचा पतंग दूरवर उडतो, मादी पुंजक्यांनी शेकडो अंडी घालते, आणि अळी एकदा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्या विष्ठेचा भुसा पोंग्यात बुचासारखा बसतो आणि त्याखाली ती निर्धास्त खात राहते. म्हणूनच पंपाचा नोझल पोंग्यात धरून फवारणी करावी लागते, किंवा नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना असे मिश्रण चिमटीने पोंग्यात सोडावे लागते. एकरभर मक्यात हे काम ज्याने वाकून केले आहे, तो जर विचारू लागला की अमेरिकेत म्हणे बियाण्यातच औषध असते, ते आपल्याला का मिळत नाही, तर तो प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याला नीट उत्तर देणे, हे आजच्या बोलण्याचे निमित्त आहे.

अमेरिकेत असा मका १९९६ पासून शेतात आहे आणि आज तिथल्या मक्याच्या नऊ-दशांशाहून अधिक क्षेत्रावर जनुकीय बदल केलेले बियाणे पेरले जाते. भारतात मात्र मक्याच्या अशा एकाही वाणाला लागवडीची परवानगी नाही. मार्च २००२ मध्ये बीटी, म्हणजे अळी मारणारे प्रथिन झाडातच तयार करणाऱ्या, कापसाला मान्यता मिळाली. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, कारण गावोगाव याबद्दल गैरसमज आहेत आणि त्यांच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता अशा बियाण्यात बसवलेले गुण म्हणजे काय ते पाहू. पहिला गुण कीड-प्रतिकाराचा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी, हा मातीत राहणारा जिवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना १९०१ मध्ये तो रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला, आणि १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांनी पिठातल्या पतंगाच्या अळीतून तो वेगळा केला; नावातला थुरिंगिया तिथून आला. हा जिवाणू बीजाणू तयार करताना प्रथिनाचा एक स्फटिक घडवतो. अळीचे आतडे अल्कधर्मी असते. तिथे स्फटिक विरघळतो, अळीचेच पाचकरस त्या प्रथिनाचा तुकडा पाडून त्याला कामाला लावतात, तो तुकडा आतड्याच्या पेशींवरील ठरावीक जागी जाऊन चिकटतो आणि पेशीला छिद्र पडते. अळी खाणे थांबवते आणि मरते. आपल्या जठरात आम्ल असते आणि आपल्या पेशींवर ती चिकटण्याची जागा नसते. हाच जिवाणू भुकटीच्या रूपात सेंद्रिय शेतीवाले आजही फवारतात. फरक एवढाच की बीटी मक्यात त्या प्रथिनाचे जनुक झाडाच्या पेशीतच बसवलेले असते, त्यामुळे उन्हाने उडून जाणे किंवा पावसाने धुऊन जाणे हा प्रश्न उरत नाही, आणि खोडात किंवा पोंग्यात लपलेल्या अळीलाही घासाबरोबर तो डोस मिळतो.

दुसरा गुण तणनाशक-सहनशीलतेचा. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतले एक विकर (एन्झाइम) बंद पाडते; ते बंद पडले की काही आवश्यक अमिनो आम्ले तयार होत नाहीत आणि झाड वाळते. प्राण्यांमध्ये हे विकर नसते. मक्यात बसवलेले जनुक अशा एका जिवाणूचे आहे, ज्याचे विकर ग्लायफोसेटला दाद देत नाही, आणि तो जिवाणू सापडला कुठे, तर ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेत. मला ही हकिकत फार बोलकी वाटते. विषाच्या सततच्या संगतीत टिकून राहण्याची युक्ती शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत शोधलेली नव्हती. ती एका जिवाणूने आधीच साधली होती. जे कारखान्याच्या सांडपाण्यात घडले ते बांधावरच्या तणात घडणार नाही, असे मानायला काहीच आधार नव्हता, आणि तसेच झाले.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघेही तो पुसून टाकतात. हे दोन गुण आज बहुतेक वेळा एकाच पिशवीत येतात. २०१० पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या एका बियाण्यात तर सहा कीड-प्रतिकाराची आणि दोन तणनाशक-सहनशीलतेची अशी आठ जनुके एकत्र होती. तरी त्यांचा स्वभाव उलटा आहे. पहिला गुण एक फवारणी वाचवतो. दुसरा गुण एक फवारणी मागतो. तणनाशक मारले नाही तर तो गुण असून नसल्यासारखा. त्यामुळे जनुकीय बियाणे चांगले की वाईट या प्रश्नावर हात वर करायला कोणी सांगितले, तर मी हात वर करत नाही. कोणता गुण, कोणत्या शेतात आणि शेजारी काय आहे, हे आधी विचारतो.

पहिल्या गुणाचे आयुष्य कशावर अवलंबून आहे ते पाहू. लाखो अळ्यांत एखादी अशी असतेच, जिच्या आतड्यावर ते प्रथिन चिकटत नाही. सगळे शिवार बीटीचे असेल तर तीच उरते, आणि तिचा जोडीदारही तसाच उरलेला असतो. म्हणून शेताचा काही भाग साध्या बियाण्याचा ठेवायचा, म्हणजे तिथे वाढलेले भरपूर साधे पतंग या दुर्मीळ प्रतिकारक्षम पतंगांशी जुळतील आणि त्यांची पिल्ले पुन्हा बीटीला बळी पडतील. याला आश्रय पीक म्हणतात. हे गणित तेव्हाच जुळते, जेव्हा झाडातला डोस अशा मिश्र पिल्लांना मारण्याइतका जबर असतो. मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये जो बीटी मका आला, त्यात तो तसा नव्हता, आणि २०११ मध्ये आयोवा राज्यातून प्रतिकाराची नोंद प्रसिद्ध झाली. दक्षिण आफ्रिकेत मक्याच्या खोडकिड्याने हेच केले. आणि आपली लष्करी अळी? तिने पोर्टो रिको बेटावर एका बीटी प्रथिनाला २००६ च्या सुमारासच हरवले, पुढे ब्राझीलमध्येही. म्हणजे जी अळी आपल्या पोंग्यात बसली आहे, तिच्या जातीला हा सामना नवा नाही. वेगळ्या प्रकारची प्रथिने तिच्यावर अजून चालतात, पण एकदा घेतलेले बियाणे कायमचे चालेल या हिशेबाने कोणी बसू नये.

आश्रय पिकाचे आपल्याकडे काय झाले, हे मालेगाव-येवल्याच्या कापूसवाल्यांना मी सांगायला नको. ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी येत असे. ती पुडी किती जणांनी पेरली? दोन एकरांच्या शेतात अळीसाठी पाच ओळी सोडा, असे सांगणे शास्त्राला धरून होते, पण ज्याची पोळी त्या ओळींवर होती त्याला ते पटण्यासारखे नव्हते. त्यात आणखी एक गोम होती. आपण संकरित वाण लावतो. अशा संकरित झाडात बीटी जनुक एकाच बाजूने आलेले असेल, तर त्या झाडावर धरलेल्या बियांपैकी साधारण चौथा हिस्सा बीटीविना असतो. गुलाबी बोंडअळी बोंडातल्या सरक्याच खाते. एकाच बोंडात काही बिया विषारी आणि काही बिनविषारी, म्हणजे अळीला थोडे थोडे विष पचवण्याची तालीमच. मक्याच्या कणसातही दाण्यांची अशीच सरमिसळ होऊ शकते, आणि लष्करी अळी पोंगा संपल्यावर कणसात शिरते. भारतात बीटी मका आणायचा विचार कधी झालाच, तर माझ्या मते पहिला प्रश्न जनुकाचा नसून या कणसाचा असायला हवा.

भूजलाचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात सर्वांना कळते. बोअर ज्याच्या त्याच्या मालकीची, पण खालचे पाणी एकच. अळीचे औषधाला बळी पडणे हीसुद्धा तशीच सामाईक ठेव आहे. ती एकट्याच्या शेतात शिल्लक ठेवता येत नाही.

आता दुसरा गुण, आणि इथे मला नाशिककर म्हणून अधिक काळजी वाटते. तणनाशकाची गरज खोटी नाही. निंदणीला माणसे मिळत नाहीत; पेठ आणि सुरगाण्याकडून येणारे मजूर द्राक्षबागेच्या कामाला आधी जातात, कारण तिथे मजुरी बरी मिळते. पाऊस लागून राहिला तर कोळपे चालत नाही आणि गवत मक्याच्या वर जाते. पण मक्याला यासाठी जनुक बदलण्याची गरज कितपत आहे? अॅट्राझीन या तणनाशकाला मका मुळातच पचवतो, कारण ते निकामी करणारे विकर त्याच्यात उपजत आहे. उगवणीनंतर मारायची टेंबोट्रायोनसारखी तणनाशके साध्या मक्यावर आजही चालतात. अमेरिकेत ग्लायफोसेटची ओढ लागली ती एकाच औषधात सगळे तण साफ होते म्हणून. परिणामी राजगिऱ्याच्या जातीचे एक तण, पामर अमरांथ, तिथे ग्लायफोसेटला जुमानेनासे झाले. एका झाडाला लाखांनी बिया धरणारे हे तण आपल्या तांदुळजाचे जवळचे नातलग आहे. तांदुळजा आपण खुडून भाजी करतो. निंदणीला आलेली बाई संध्याकाळी ओच्यात घोळ आणि कुर्डूही घेऊन जाते. ग्लायफोसेट मारलेल्या शेतात ती भाजी नसते, आणि मक्यातले मूग-उडदाचे आंतरपीकही नसते.

ग्लायफोसेट हरल्यावर तिथल्या कंपन्यांनी जुनी तणनाशके पुन्हा काढली. २०१४ मध्ये अमेरिकेत टू-फोर-डी सहन करणाऱ्या मक्याला मान्यता मिळाली. टू-फोर-डी हे नाव ऐकून समोर बसलेल्या काही बागाईतदारांच्या कपाळाला आठी पडली आहे, आणि ती योग्यच आहे. द्राक्षवेल या औषधाला अतिशय संवेदनशील आहे. शेजारच्या शेतातून आलेल्या तुषारांनीसुद्धा पाने पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींजवळ येतात आणि शेंडा थांबतो. मक्यात तणनाशक मारण्याची वेळ जुलैची. त्या वेळी द्राक्षाच्या उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या काड्या पक्व होत असतात, ज्यांच्यावर ऑक्टोबर छाटणीनंतरचा सगळा माल अवलंबून असतो. अमेरिकेत त्या मक्याबरोबर कमी उडणारे क्षाररूप विकले गेले. आपल्याकडे दुकानात जे स्वस्त मिळेल ते पंपात पडते, आणि वारा कोणत्या दिशेला आहे हे बघून फवारणी थांबवणारा माणूस विरळा. निफाड-दिंडोरीत मका आणि बाग यांच्यामध्ये कधी कधी एक बांध एवढेच अंतर असते. अमेरिकेच्या कॉर्न बेल्टमध्ये, म्हणजे मक्याच्या पट्ट्यात, शेकडो एकर एकच पीक असते. तिथला हिशेब इथे लावता येत नाही.

खाण्याच्या सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगतो. मान्यता मिळालेल्या बीटी प्रथिनांनी माणसाला अपाय केल्याचा पुरावा दिसत नाही. पण २००० साली अमेरिकेत एक वेगळी गोष्ट उघड झाली. जनावरांच्या खाद्यापुरतीच परवानगी असलेला एक बीटी मका माणसांसाठीच्या टाको या मक्याच्या पदार्थात सापडला आणि माल बाजारातून परत मागवावा लागला. धान्य वेगळे ठेवण्याची शिस्त तिथे टिकली नाही. लासलगाव किंवा येवल्याच्या बाजार समितीत मक्याचे ढीग कसे लागतात हे डोळ्यांसमोर आणा. तिथे एका ढिगाला दुसऱ्यापासून जनुकाच्या आधारे वेगळे कोण ठेवणार? ग्लायफोसेटचा प्रश्न मात्र प्रथिनाहून वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते संभाव्य कर्करोगकारकांत टाकले, अनेक देशांच्या नियामकांनी वेगळा निष्कर्ष काढला, आणि आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीड-नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. तरी ते कुठे मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

सुरुवातीला गैरसमजांचे म्हणालो होतो. गेल्या हंगामात एका गावात मला एकाने लाल रंगाचे मक्याचे बियाणे दाखवले आणि सांगितले की हा बीटी मका, याला अळी येत नाही. ते साधेच संकरित बियाणे होते, त्याला कीटकनाशकाची बीजप्रक्रिया केलेली होती. अशी प्रक्रिया रोपाला पहिले दोन-तीन आठवडे सांभाळते आणि मग संपते. त्यानंतर त्याने पोंगे बघितले नाहीत आणि अर्धे पीक चाळणीसारखे झाले. दुसऱ्याने टेंबोट्रायोन मारूनही मका हिरवा राहिला म्हणून आपल्याकडे तणनाशकाचा मका आला, असे जाहीर केले होते. येत्या खरिपात कोणी तुम्हाला बिलाशिवाय, नाव नसलेल्या पिशवीत असा मका देऊ लागला, तर त्यात जनुक असेल तर ते बेकायदा आहे, आणि नसेल तर ग्लायफोसेटच्या पहिल्याच फवारणीनंतर आठवड्याभरात तुमचे रान पिवळे पडेल. दोन्ही प्रसंगी तक्रार घेऊन जायला तुमच्या हातात पावती नसेल.