अंगठी उंच धरणारा हात

आजचा विषय ‘दुभाषी घराणी आणि आपली संस्कृती’ असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे, पण वाट रायगडावरून जाते. हे मला बरीच वर्षं बोलायचं होतं.

६ जून १६७४. सिंहासनावर महाराज आहेत आणि दूर इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन उभा आहे. हे चित्र तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ऑक्झिंडेन लिहून गेला की त्या गर्दीत नजराण्याची हिऱ्याची अंगठी इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणव्याने उंच धरली. महाराजांनी ती पाहिली आणि या मंडळींना थेट सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावून घेतलं. तिथे त्यांना मानाची वस्त्रं मिळाली. शाळेतल्या पोरालाही ऑक्झिंडेन माहीत असतो, मग नारायण शेणवी का नको? मला याचा राग येतो. तुम्हालाही यावा.

हा माणूस ऑक्झिंडेनच्या किती आधीपासून गडावर खपत होता बघा. त्या वसंतात तो गडाच्या पायथ्याच्या पाचाडला पोचला तेव्हा महाराजांच्या पत्नी काशीबाईसाहेब नुकत्याच वारल्या होत्या. भेट लांबली, म्हणून तो थांबला. मग महाराजांच्या दरबारातल्या निराजीपंतांकडे जाऊन बसला आणि बोलणं काय झालं ते मुंबईला कळवलं. मराठ्यांनी लुटलेल्या राजापूरच्या इंग्रज वखारीची भरपाई हा त्यातला नाजूक भाग. एका बाजूला कंपनीचा हिशेबी माणूस, दुसऱ्या बाजूला निराजीपंतांसारखा मुत्सद्दी. मध्ये बसणाऱ्याला दोघांचाही राग सोसावा लागतो. मुंबई इंग्रजांकडे येऊन दहा वर्षंही धड झाली नव्हती. बाजारात अजून पोर्तुगीज चालायची आणि गडावर मराठी. अशा ठिकाणी घरात दोन-तीन भाषा ऐकत वाढलेलाच माणूस टिकतो.

गडावरची एक गंमत सांगतो. वेळ जाईल, पण सांगतोच. या इंग्रजांना रोज मटण लागायचं. पुरवणारा म्हातारा खाटीक शेवटी धापा टाकत गड चढून आला, आपली एवढी मोठी गिऱ्हाइकं दिसतात तरी कशी ते पाहायला! (हशा) हसा, जरूर हसा. पण खाटकाची गोष्ट आपल्यापर्यंत आली आणि दुभाष्याची आपण हरवून टाकली, हेही लक्षात घ्या.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. म्हणजे गोवा घाईने सांगावा लागणार.

गोव्यात पोर्तुगीज सरकारचा दुभाष्या हा मानाचा हुद्दा होता आणि तो बहुतेक सारस्वतांकडे असे. शिवाजी महाराजांकडे पोर्तुगीजांचे वकील म्हणून गेलेले रामोजी शेणवी कोठारी अशाच मंडळींपैकी. घरात कोकणी, कागदावर मोडी मराठी, कचेरीत पोर्तुगीज. आणि हे कुठल्या काळात? पोर्तुगीजांच्या धाकाने याच समाजाचे देव रातोरात नदीपार गेले होते. मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा १५६६ मध्ये केळशीहून कवळ्याला. हिंदूंना लग्न लावायलाही हद्दीबाहेर जावं लागे. दिवसा व्हाइसरॉयचं पत्र वाचून दाखवायचं आणि मुलीचं कन्यादान मात्र परक्या मुलखात करायचं. तरी या घरांनी देव सोडला नाही, भाषा सोडली नाही.

१६८४ च्या जानेवारीत पोर्तुगीजांची संभाजीराजांशी तहाची बोलणी झाली. त्याच वर्षी २७ जूनला कोंदि द आल्व्होर या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावं. पण शेजारच्या राजांशी पत्रव्यवहार कुणाच्या जिवावर चालायचा? ती भाषा न टाकलेल्यांच्याच! माझं म्हणणं एवढंच आहे. यांनी घर सांभाळलं म्हणून ते दरबारात उपयोगी पडले. नोकरीसाठी घर मोडलं असतं तर नोकरीच उरली नसती.

हे कागद इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या पुराभिलेखागारात बसून उजेडात आणले. पोर्तुगीजांच्या एतद्देशीय वकिलांवरचा त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ १९५२ चा. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ मात्र मराठीतच आहे. तो तरी घरी न्या. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांची बोचकी आहेत, त्यांनी आज बाहेर पडण्याआधी मला भेटा. रद्दीत घालण्याआधी एकदा वाचून घेऊ.