पावसाचा खंड आणि पंपाचे तास

मंडळी, सोयाबीनला विहिरीचं किंवा तळ्याचं पाणी द्यायचं हे मराठवाड्यात पूर्वी फारसं कुणाच्या हिशेबात नसे. पाणी राखायचं ते रब्बीसाठी. 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि तो आला नेमका शेंगा धरायच्या वेळी. 2025 च्या सप्टेंबरमध्ये याच भागात अतिवृष्टीने रानं पाण्याखाली गेली. म्हणून आजचा विषय आहे संरक्षित पाणी. खंडात एक-दोन पाळ्या देऊन पीक तगवायचं आणि मागून मोठा पाऊस आला तरी ते वाचेल अशी तयारी ठेवायची.

आधी हिशेब. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 4,000 लिटर. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल शेततळं एकास एक उताराने खोदलं, तर त्यात 2,196 घनमीटर, म्हणजे सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. बाष्पीभवन, गाळ आणि तळाशी राखायचं पाणी वजा करून 16 लाख धरा. 50 मिलिमीटरची पाळी दिली तर आठ एकर भिजतं. इथवरचा हिशेब बहुतेकांनी केलेला असतो. राहतो तो तासांचा, आणि माझ्या मते पीक तिथेच हातचं जातं.

पाणी तुषार संचाने, म्हणजे पावसासारखं फवारून द्यायचं. त्याचा पाइप सहा मीटरचा असतो. एक सोडून एक पाइपावर नोझल लावलं आणि ओळीही 12 मीटरवर ठेवल्या, तर एक नोझल 144 चौरस मीटर भिजवतं. नोझलला रबरी नळी लावून 15 लिटरची बादली धरा. ती 30 सेकंदांत भरली तर प्रवाह ताशी 1,800 लिटर, म्हणजे रानावर ताशी साडेबारा मिलिमीटर पाणी. पाच एचपीचा पंप अशी दहाएक नोझल नीट चालवतो. एका मांडणीत सव्वाचौदा गुंठे भिजतात, म्हणून आठ एकरांना साडेबावीस मांडण्या लागतात. 50 मिलिमीटरसाठी प्रत्येकी चार तास. वीज आठ तास मिळाली तर दिवसाला जेमतेम दोन मांडण्या, म्हणजे अकरा-बारा दिवस. पंधरा दिवस आभाळाकडे बघून पंप सुरू केला, तर शेवटच्या तुकड्याला पाणी सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी पोचतं. तोवर फुलं गळालेली असतात.

म्हणून पाळी 30 मिलिमीटरचीच द्या. तिला दोन तास पंचवीस मिनिटं लागतात. पाइप हलवायला वीस-वीस मिनिटं धरली तरी दिवसात तीन मांडण्या बसतात आणि आठ दिवसांत रान फिरून होतं. तळ्यात सहा लाख लिटर उरतं, ते शेंगांत दाणे भरताना निम्म्याहून जास्त रानाला पुन्हा देता येतं. सुरुवात हलक्या, मुरमाड तुकड्यापासून करा, कारण तिथे ओल आधी सरते. रात्रपाळीची वीज असेल तर पाइप हलवायला एकट्याने जाऊ नका. चिखल आणि अंधारात साप दिसत नाही.

सुरू कधी करायचं? वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा होऊन लगेच फुटला तर पाण्याची वेळ झाली. भारी जमिनीत भेगा पडेपर्यंत थांबलात, तर मोकाट पाणी भेगांतून खाली उतरतं आणि मुळांच्या थरात थोडंच राहतं. अशा रानाला तुषारच बरं.

जोडाच्या रबरी रिंगा झिजल्या की पाणी तिथे गळतं, दाब उतरतो, आणि दोन नोझलमधली पट्टी कोरडी राहते. सौर पंपावर ढगाळ दिवशी हेच होतं. तेव्हा दहाऐवजी सहा नोझल ठेवा. चार नोझलच्या मध्ये रिकामे डबे मांडले की पाणी सारखं पडतंय का ते कळतं. फूटव्हॉल्व, म्हणजे पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप, तळाला टेकू देऊ नका. रिकाम्या डब्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन फूट लटकवा, म्हणजे गाळ ओढला जात नाही. अस्तराचं तळं पूर्ण उपसू नका, वाऱ्याने कागद उचलला जातो. वारा सुटल्यावर तुषार बंद ठेवा. बुरशीनाशकाची फवारणी पाणी दिल्यावर, पानं सुकली की करा, नाहीतर औषध धुऊन जातं.

राहिला मागून येणारा पाऊस. पाळी 30 मिलिमीटरची असली की मातीत पुढच्या पावसाला जागा राहते. 50 दिले आणि तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, तर वापसा, म्हणजे जादा पाणी निघून मातीत हवा खेळायची स्थिती, लवकर येत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि सोयाबीन पिवळं पडतं. इथे बीबीएफची, म्हणजे रुंद वरंबा-सरीची पेरणी उपयोगी पडते. चार ओळींमागे एक सरी, खंडात ओल धरायला आणि अतिवृष्टीत पाणी काढायला. पण सरीचं तोंड उताराकडे, चराला मिळालेलं हवं. पुष्कळ रानांत सऱ्या छान असतात आणि बांधाशी बुजलेल्या असतात. तिथे दोन फावडी माती काढायचं काम पोळ्याच्या आधी उरकून घ्या.