गच्ची गळते ती कडेने

मंडळी, स्लॅबच्या दिवशी घरमालक काय करत असतो? नारळ फोडतो, पेढे वाटतो, कामगारांच्या जेवणाचं बघतो, नातेवाइकांना फोटो पाठवतो. मिक्सर घरघरायला लागला की त्याला वाटतं, चला, काम सुरू झालं. खरं तर त्याने बघायला हवं होतं त्यातलं निम्मं तोवर झाकायची वेळ आलेली असते. म्हणून आज मी मुख्यतः काँक्रीट ओतण्याच्या आधीचे दोन तास आणि गच्चीच्या कडा यांवरच बोलणार आहे. वॉटरप्रूफिंगच्या केमिकलची माहिती दुकानदार देतील. ती ते फुकट आणि भरपूर देतात.

आधी वजनाचा अंदाज घ्या. हजार चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे साधारण २९ टन ओलं काँक्रीट. वर माणसं, घमेली, व्हायब्रेटर वेगळे. हा सगळा भार त्या दिवशी खालच्या टेकूंवर असतो आणि टेकू कशावर उभे आहेत हे कोणी बघत नाही. जोत्यातला भराव ताजा आहे, त्यात आदल्या रात्री वळीव पडून गेलाय, अशा वेळी टेकू मुरमात अर्धा इंच उतरतो. स्लॅब पडत नाही, पण त्याला झोळ येतो आणि पुढची पन्नास वर्षं त्या झोळात पाणी साठू पाहतं. प्रत्येक टेकूखाली आडवी फळी हवी. हे बघायला इंजिनिअर असावं लागत नाही, वाकावं लागतं.

मग वर चढा. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला फळीपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत का? २० मिलिमीटरचे, सिमेंटचे. फिटर घाईत असेल तर खडीचा खडा सरकवून मोकळा होतो आणि तो खडा पहिल्याच पायाखाली निसटतो. सळई खालच्या प्लायवूडला टेकते, सेंट्रिंग काढल्यावर ती जवळजवळ उघडीच राहते. मग काही पावसाळ्यांनी छताचे पापुद्रे सुटू लागतात. आपण म्हणतो छत गळतंय, तिथे खरं म्हणजे लोखंड गंजून फुगत असतं.

गॅलरी आणि सज्ज्याची तऱ्हा उलटी. तिथे ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते, खुर्च्यांवर, म्हणजे वाकवलेल्या सळईच्या टेकणांवर, टेकलेली. घमेली घेऊन माणसं त्यावरूनच जातात आणि दुपारपर्यंत ती सळई खाली दबलेली असते. ड्रॉइंगमध्ये वर, प्रत्यक्षात मध्ये. जाण्या-येण्यासाठी फळ्या टाकायला लावा आणि गॅलरी भरायच्या क्षणी तिथे स्वतः उभे राहा. मिस्त्री वैतागेल, वैतागू द्या.

पाण्याचं म्हणाल तर एका पोत्याला २५ ते २७ लिटर, तेही वाळूतला ओलावा धरून. क्रश सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा माल जरा जड चालतो, त्यामुळे दर अर्ध्या तासाला ‘माल पातळ कर रे’ अशी हाक येते. प्रत्येक जादा बादलीची जागा काँक्रीट सुकल्यावर पोकळ राहते. काम हलकं व्हावं असं वाटत असेल तर आरसीसी कन्सल्टंटला विचारून प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन वापरा, पाण्याचा पाइप दूर ठेवा. स्लॅब झाला की दुसऱ्या दिवशी वर छोटे बांध घालून आळी करा आणि पाणी भरा. साधं सिमेंट असेल तर किमान ७ दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल किंवा मे महिन्याचं ऊन असेल तर १० ते १४ दिवस. टँकरचे पैसे इथे वाचवू नका. टेकू काढण्याचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, ७ दिवस, त्यावर १४, पीपीसीला आणखी थोडं. मृगाच्या आत कोबा, म्हणजे गच्चीवरचा उताराचा थर, उरकायचा म्हणून चौथ्या दिवशी फळ्या काढणारे लोक मी पाहिलेत.

आता कडा. गच्ची मधून क्वचित गळते. गळते ती पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या भिंतीच्या बुडाशी, पाइपाभोवती आणि जिन्याच्या दाराशी.

पॅरापेटची वीट स्लॅबवर नंतर चढते, म्हणजे तिथे सांधा आलाच. बहुतेक ठिकाणी काय होतं? पॅरापेटचा गिलावा आधी उरकतात आणि कोबा त्याला आणून टेकवतात. उन्हात दोघं वेगवेगळे हलतात, मध्ये केसाएवढी फट पडते. मिस्त्री म्हणतो, ‘काही होत नाही साहेब.’ भिंतीवरून ओघळणारं पाणी नेमकं त्या फटीत शिरतं, उताराने जाऊन भलतीकडेच, बेडरूमच्या मधोमध उतरतं आणि लोक गच्चीचा मध्यभाग फोडत बसतात! क्रम असा हवा : वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवायचं, भिंत आणि कोबा मिळतात त्या कोपऱ्यात गोल वाटा, म्हणजे गोलाई मारायची आणि मग आतल्या बाजूचा गिलावा वरून खाली त्यावर आणायचा. सांधा राहिलाच तर तो वाहत्या पाण्याच्या वर राहतो.

पावसाचं पाणी नेणाऱ्या पाइपाचं भोक स्लॅब भरतानाच ठेवा. नंतर हातोडीने फोडलं तर भोवती तडे जातात. पाइप ४ इंची, आणि गच्ची कितीही लहान असली तरी दोन. एकावर प्लास्टिकची पिशवी किंवा पिंपळाची पानं बसली की दुसरा आहे. जाळी सपाट नको, घुमटीसारखी उठलेली हवी. पुण्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, फार नाही. पण तो वाटून येत नाही. २०१९च्या २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर येऊन काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. अशा तासाभरात तुंबलेली गच्ची म्हणजे हौदच.

उतार शंभराला एक. सर्वांत लांबचा कोपरा पाइपापासून २० फुटांवर असेल तर तिथे कोबा जवळजवळ अडीच इंच उंच हवा. म्हणजे कोब्याची जाडी आधी जिन्याच्या दाराशी ठरवावी लागते. उंबरा तेवढा उंच ठेवला नसेल तर गवंडी काय करणार? उतार कमी करणार, नाहीतर पाणी जिन्यात येणार. आणि कोबा म्हणून विटा कितीही जाड भरू नका. साडेचार इंची ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे जातो. तो भार डिझाइनमध्ये धरलाय ना, हे विचारा.

सोलरचा एक जुना राग सांगून टाकतो. पुण्यात सोलर नाही असा बंगला शोधावा लागेल. कोबा झाला, पाणी भरून तपासला, सगळे खूश. आठवड्याने सोलरवाला येतो आणि ड्रिलने आठ भोकं पाडून जातो. सोलरचे, टाकीचे ओटे कोब्याच्या आधी स्लॅबवर बांधून घ्या, म्हणजे वाटा त्यांनाही फिरेल.

शेवटी पाइप बंद करून ४८ ते ७२ तास पाणी भरून ठेवा. उंच भागावरही दोन बोटं पाणी हवं. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतर.

प्रश्न आलाय, मुळशीला घर बांधतोय, उतरत्या स्लॅबवर मंगलोरी कौलं बसवू का? तिथला पाऊस इथल्या कित्येक पट, त्यामुळे उतार हवाच. पण उतरता स्लॅब भरणं अवघड. काँक्रीट खाली घसरतं, व्हायब्रेटर नीट लावत नाहीत, आत पोकळ्या राहतात. त्यावर कौलं सिमेंटने चिकटवली की खाली झिरपलेलं पाणी अडकतं. कौलं रिपांवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर बसवा, खाली पाणी निसटायला आणि हवा खेळायला जागा ठेवा. रिपांमधलं अंतर हातात कौल घेऊन ठरवा, कॅटलॉगवरून नको, आणि वळचणीपासून वर आढ्याकडे जा. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं एकमेकांत खाचेने अडकतात. सिमेंट लागतं ते आढ्यावरच्या कोनांना, म्हणजे माथ्यावर बसणाऱ्या कौलांना.

दुसरा प्रश्न पत्र्याच्या शेडचा. परवानगीचं तुमचं तुम्ही बघा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून टाकत पश्चिमेकडे यायचं, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध राहतं. वरखालचा जोड किमान ६ इंच. वळीव मात्र कुठूनही येतो आणि पत्रा खालून उचलतो, तेव्हा कडेच्या ओळींत स्क्रू दाट मारा. ते इतके आवळू नका की रबरी वॉशर बाहेर फुगेल. उन्हाने वॉशर कडक होतात, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी एप्रिलमध्ये माणूस चढवून ते बदलून घ्या. आणि तो पत्र्यावर चढेल तेव्हा पाय खालच्या पर्लिनच्या (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) रेषेवरच ठेवायला सांगा.